रूट कॅनलनंतरचं दुखणं: स्वाभाविक किती, आणि डॉक्टरांच्या हातावर अवलंबून किती?

पाथर्डीफाटा

रूट कॅनल झाल्यावर दाढ दुखते, एवढं सगळेच सांगतात. किती दुखावी, किती दिवस दुखावी, कुठल्या दुखण्याला घाबरावं आणि कुठलं सोसून न्यावं, हे मात्र धड कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझी खालची डावी दाढ. सुरुवातीला गार पाण्याने कळ यायची, मग गरम चहानेही यायला लागली, आणि शेवटी रात्री आडवं झालं की काही न खाता-पिता ठणका सुरू. एक्सरेत कीड थेट नसेपर्यंत गेलेली दिसली. कॉलेज रोडला एका डॉक्टरांकडे रूट कॅनल सुरू केलं. तो रात्रीचा ठणका पहिल्याच सिटिंगला थांबला. पण भूल उतरली तसं वेगळंच दुखणं सुरू झालं. गार-गरमचं काही नाही, दाढेवर दाब पडला की कळ. भाकरीचा पापुद्रा चालतो, पण काठाचा जाड तुकडा त्या दाढेखाली आला की कळ पार कानापर्यंत जाते. नुसते दात मिटले तरी तीच दाढ आधी टेकते असं वाटतं.

शेजारच्या वहिनींचं रूट कॅनल नुकतंच झालं, एकाच बैठकीत आणि मशीनने. त्या त्याच संध्याकाळी हळदीला गेल्या. त्यामुळे आता घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, तुझ्या डॉक्टरांनी हाताने केलं म्हणून दुखतंय. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

नस काढून टाकली, तर मग दुखतं काय? हाताने आणि मशीनने करण्यात दुखण्याचा फरक पडतो का? एका बैठकीत बरं की दोन-तीन? आणि दुखतंय म्हणून अँटिबायोटिक घ्यावं का? जाणकारांनी लिहावं, अनुभव असलेल्यांनीही लिहावं. फक्त कुठल्या दवाखान्याचं नाव घेऊन तक्रार नको, त्याने धागा भलतीकडे जातो.

सिडकोवाला

माझी वरची दाढ होती. पहिले काही दिवस त्या बाजूने चावताच येत नव्हतं. मग एका जेवणात लक्षात आलं की आपण दोन्ही बाजूंनी खातोय. तोवर दुसऱ्या बाजूने खा ताई, आणि जिभेने सारखी चाचपून बघू नका.

दंतमूळ

मी नाशिकमध्ये एंडोडॉन्टिक्सची प्रॅक्टिस करते, म्हणजे दिवसभर रूट कॅनलच. ताई, तुमची दाढ मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काय केलं यावर बोलणार नाही. बाकी जे माहीत आहे ते लिहिते. थोडं लांबेल.

आधी पहिला प्रश्न. दाताच्या आतली नस काढली जाते. पण दात हाडात नुसता रोवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट, आणि त्यात भरपूर नसा असतात. दाताखाली आलेला बारीकसा खडाही कळतो तो या पडद्यामुळे. रूट कॅनलमध्ये हा पडदा आपण काढत नाही, काढायचाही नसतो. गार-गरमने येणारी कळ आतल्या नसेची होती, ती गेली. आता चावताना येते ती मुळाच्या टोकाशी सुजलेल्या या पडद्याची. तिथे सूज आली की दात अगदी किंचित वर उचलला जातो, म्हणून दात मिटताना तीच दाढ आधी टेकते. तुमचं वर्णन नेमकं आहे.

किती जणांना दुखतं? २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक आढावा प्रसिद्ध झाला होता. उपचाराआधी सरासरी ८१ टक्के लोकांना दुखत होतं, उपचारानंतर २४ तासांनी ४० टक्क्यांना आणि सात दिवसांनी ११ टक्क्यांना. दुखण्याची तीव्रता १०० पैकी मोजली तर आधी ५४, दुसऱ्या दिवशी २४, आठवड्याने ५. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणं यात वावगं काही नाही. बघायचं ते हे, की दुखणं रोज उतरतंय की नाही. उतरत असेल तर थांबा. उतरता उतरता पुन्हा चढायला लागलं, किंवा सूज दिसली, तर आमच्याकडे या.

आता तंत्राकडे. दुखणं बहुतेक वेळा एकाच गोष्टीने वाढतं: जे मुळाच्या आत राहायला हवं ते टोकाबाहेर जातं. कधी फाईल, म्हणजे मूळ आतून खरवडायची सुईसारखी बारीक कानस, बाहेर जाते, कधी खरवडलेला चुरा, कधी औषधी पाणी. या तिन्ही गोष्टी आत ठेवणं हे कसब आहे, आणि त्यात डॉक्टरागणिक फरक पडतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

फाईल किती खोल न्यायची हे आधी ठरवावं लागतं. एक्सरेवरून अंदाज येतो, पण मुळाचं खरं तोंड बऱ्याचदा टोकाच्या थोडं बाजूला आणि अलीकडे असतं, ते एक्सरेत दिसत नाही. त्यासाठी अ‍ॅपेक्स लोकेटर. १९६२ मध्ये सुनादा या जपानी संशोधकाने दाखवलं की तोंडातलं अस्तर आणि तो पडदा यांच्यामधला विद्युत विरोध साधारण ६.५ किलोओहम असा जवळजवळ ठरलेला असतो. त्यावरून यंत्र सांगतं की फाईल टोकाशी पोचली. ओठाला एक आकडी अडकवतात, फाईलला क्लिप लावतात, आणि टोक जवळ येईल तशी पीप-पीप जलद होते. तुमच्या वेळी तो आवाज आला असेल तर तो हाच. यंत्र नसेल तर अनुभवी हात एक्सरे काढूनही नीट करतो, पण फाईल टोकाबाहेर गेली की दुखणं जवळपास ठरलेलंच.

चुऱ्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, पेशंट आलाय.

सातपूर_टूलरूम

डॉक्टर, फार छान लिहिताय. मी टूलरूममध्ये काम करतो, म्हणून माझ्या वेळी डॉक्टरांना फाईल दाखवायला सांगितली होती. त्यांनी प्रेमाने दाखवली. दहा नंबरची फाईल म्हणजे टोकाला ०.१० मिमी जाड, पंधरा नंबर म्हणजे ०.१५. हाताच्या फाईलला दर मिलिमीटरला ०.०२ मिमी टेपर, म्हणजे टोकापासून वर जाताना तेवढी जाडी वाढते, आणि कटिंगचा भाग १६ मिमी. म्हणजे पंधरा नंबरची फाईल टोकाला ०.१५ आणि १६ मिमी वर ०.४७. वर एक छोटा रबरी स्टॉपर असतो, लांबी ठरली की तो तिथे सरकवून ठेवायचा. इतक्या बारीक टूलने, न दिसणाऱ्या वाकड्या भोकात, नुसत्या बोटांच्या जाणिवेवर काम करतात ही मंडळी.

पाथर्डीफाटा ताई, हात की मशीन यावर माझा अंदाज असा की फरक धातूचा आहे. हाताच्या फाईल बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या. वाकड्या मुळात स्टील सरळ व्हायला बघतं आणि बाहेरच्या भिंतीला जास्त खातं. मशीनच्या फाईल निकेल-टायटॅनियमच्या, त्या वळणाबरोबर वळतात. हा मिश्रधातू १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि दातांच्या फाईलसाठी वापरून पाहिला तो १९८८ मध्ये. डॉक्टर, बरोबर का?

निफाडची_सून

वाचते आहे. माझ्या सासूबाईंची दाढ रूट कॅनलनंतर खूप दुखत होती. गावातल्या मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आणि फरक पडला. मग डॉक्टर आधीच का देत नाहीत?

दंतमूळ

टूलरूम दादा, साल आणि धातू दोन्ही बरोबर. ही माहिती आमच्याकडच्या विद्यार्थ्यांनाही इतक्या सोप्या शब्दांत सांगता आली तर बरं होईल.

तर चुरा. मूळ आतून खरवडलं की दाताचा भुगा, सडलेल्या नसेचे तुकडे आणि जंतू असा गाळ तयार होतो. फाईल घट्ट बसलेली असताना वरखाली केली की ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी काम करते आणि गाळ टोकातून बाहेर ढकलला जातो. शरीर त्याच्याशी भांडतं, सूज येते, दुखतं. एक गोष्ट पक्की आहे: असं एकही तंत्र नाही ज्यात काहीच बाहेर जात नाही. प्रश्न कमी-जास्तीचा आहे. आधी टोकापासून सुरू करून मागे येत रुंदावायचं, या जुन्या पद्धतीत गाळ जास्त ढकलला जातो. आधी वरचा भाग मोकळा करून, धुऊन मग खाली उतरायचं, या पद्धतीत कमी. फाईल वरखाली न करता गोल फिरवली की ती गाळ आपल्या खाचांतून वर आणते. मशीनच्या फाईल गोल फिरतात आणि वरून खाली जातात, म्हणून हाताच्या तुलनेत मशीननंतर दुखणं कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसतं.

पण हाताने करणाराही वरून खाली जाऊ शकतो आणि फाईल फिरवून वापरू शकतो. त्यासाठी १९८५ पासून प्रसिद्ध असलेली बॅलन्स्ड फोर्सची पद्धत आहे, आणि तिच्यात गाळ कमी बाहेर जातो. उलट मशीन हातात आलं म्हणून घाईने दाबत नेलं तर तेही गाळ ढकलतं. तेव्हा ताई, घरच्यांना सांगा, हाताने केलं म्हणून दुखतंय हा निष्कर्ष काढता येत नाही. एका दिशेने फिरणाऱ्या आणि पुढे-मागे फिरणाऱ्या मशीनमध्ये कमी काय दुखतं, यावर तर अभ्यास एकमेकांशी जुळतच नाहीत. जाहिरात बघून ‘मला अमुक फाईलनेच करा’ म्हणू नका.

वहिनींच्या बाबतीत आणखी एक शक्यता. ज्याला उपचाराआधी जास्त दुखत असतं त्याला नंतरही जास्त दुखतं. तुमची दाढ रात्र-रात्र ठणकत होती. वहिनींची आधी दुखत होती का, ते विचारा.

निफाडच्या ताई, अँटिबायोटिकबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. नसेच्या सुजेमुळे होणारं दुखणं अँटिबायोटिकने कमी होत नाही. त्या गोळ्या रक्तातून जातात, आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की दाताचा प्रत्यक्ष उपचार लगेच उपलब्ध असेल आणि ताप किंवा अंगभर लक्षणं नसतील, तर बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक द्यायचं नाही. सासूबाईंना फरक पडला कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते दुखणं उतरणारच होतं. त्याच पुडीत बहुधा एक दुखण्याची गोळीही असणार. सूज पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, अशा वेळी अँटिबायोटिक लागतं, आणि तेव्हा ते लागू पडायला हवं. मेडिकलमधून परस्पर घेतलेला प्रत्येक अर्धवट कोर्स ती शक्यता कमी करतो.

निफाडची_सून

पटलं. पुडीत दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, एक दुखण्याची असेलच. सासूबाईंना वाचून दाखवते.

गोदाकाठची_मावशी

आमच्या वेळी लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाढेत ठेवायचो, बरं वाटायचं. हल्ली कुणी ते सांगतच नाही.

दंतमूळ

मावशी, लवंगेतलं युजेनॉल नसेला शांत करतं, ते खरंच आहे, आणि आमच्या तात्पुरत्या भरावातही ते वर्षानुवर्षं वापरलं गेलंय. पण ते उघड्या, जिवंत नसेसाठी. रूट कॅनल झाल्यावर आत नस नसते आणि वर भराव असतो, त्यामुळे तेल पोचायची जागाच नाही. नुसती हिरडी भाजते. तीच गोष्ट मिसरीची, आणि हिरडीवर दाबून ठेवलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळीची. दिंडोरी, पेठकडून येणाऱ्या पेशंटच्या हिरडीवर पांढरा चट्टा दिसला की मी आधी तेच विचारते.

सुरगाण्याचा_मास्तर

एका बैठकीत की तीन, यावर मला बोलायचंय. आम्ही सुरगाण्याला. दातांच्या डॉक्टरांसाठी नाशिक गाठायचं म्हणजे पहाटेची एसटी, शाळेची रजा, परतीला अंधार. माझ्या पत्नीला तीन वेळा बोलावलं होतं. दुसऱ्या खेपेला घाटात दरड आली, जाता आलं नाही, तात्पुरता भराव पडला आणि दाढेत पुन्हा पू भरला. मग सगळं पहिल्यापासून. थोडं जास्त दुखलं तरी चालेल, पण एका बैठकीत होत असेल तर आमच्यासारख्यांचं तसंच करा, अशी विनंती आहे.

दंतमूळ

सर, तुमचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. एका आणि अनेक बैठकांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आहे, २०२२ मध्ये तो नव्याने निघाला. दात टिकण्यात किंवा मुळाची जखम भरण्यात दोन्हींत ठोस फरक दिसत नाही. पहिल्या आठवड्यात दुखण्याची शक्यता मात्र एका बैठकीत काहीशी जास्त असल्याचं दिसतं. म्हणजे तुम्ही जो सौदा मांडलात, थोडं जास्त दुखणं पण खेपा कमी, तो पुराव्याला धरून आहे. आणि तात्पुरता भराव पडून लाळ आत गेली तर होणारं नुकसान त्या जादा दुखण्यापेक्षा कितीतरी मोठं.

मुळातून पू येत असेल, थांबतच नसेल, किंवा सूज मोठी असेल, तर मी एका बैठकीत बंद करत नाही. मूळ कोरडं होत नाही, तर भरणार कशात? अशा वेळी आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध भरून पुन्हा बोलवावंच लागतं. पण लांबून येणाऱ्याने पहिल्याच भेटीत ‘मी सुरगाण्याहून येतो’ एवढं सांगितलं तरी आम्ही वेळ तशी लावतो. सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, मोठी.

इंदिरानगर_२

माझ्या भावाचा अनुभव लिहितो. त्याच्या दाढेत सिरिंजने औषध मारत असताना तो एकदम ओरडला. भूल दिलेली असूनही. काही मिनिटांत गाल फुगला, दुसऱ्या दिवशी डोळ्याखालपर्यंत काळंनिळं. आम्ही घाबरून गेलो. डॉक्टरांनी त्याला लगेच थांबवून धुतलं, बर्फ लावायला दिला, रोज फोन केला, आणि काही आठवड्यांत सगळं उतरलं. पण ते नेमकं काय होतं, हे अजून कळलेलं नाही.

दंतमूळ

वर्णनावरून हायपोक्लोराइट बाहेर गेलेलं दिसतं. मूळ धुवायला आम्ही सोडियम हायपोक्लोराइट वापरतो. जंतू मारतं आणि मेलेली नस विरघळवतं, दोन्ही कामं एकदम करणारं दुसरं औषध नाही. पण जिवंत भागाला लागलं तर तोही भाजतो. सुई मुळात अडकलेली असताना जोरात दाबलं की पाण्याला वर यायला वाट नसते, मग ते टोकातून जातं. म्हणून सुई टोकाला बंद आणि बाजूला भोक असलेली घ्यायची, टोकाच्या अलीकडे थांबवायची, सैल ठेवायची, सतत वरखाली हलवत ठेवायची आणि अंगठ्याऐवजी तर्जनीने हळू दाबायची. असा प्रकार क्वचित होतो. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी नंतर जे केलं, ते योग्यच केलं.

पाणी ढकलण्याऐवजी टोकाशी बारीक नळी ठेवून ते खेचून घेणारी यंत्रणाही असते. तिने नंतरचं दुखणं कमी होतं असं चाचण्यांत दिसलंय. शेवटी साधारण २.५ अंश सेल्सिअसच्या थंडगार सलाइनने पाच मिनिटं मूळ धुतलं, तर पहिल्या दिवसाचं दुखणं कमी राहतं, असंही बऱ्याच चाचण्या सांगतात. याला खर्च जवळजवळ नाही. मी दवाखान्याच्या फ्रिजमध्ये सलाइनच्या बाटल्या ठेवते, ज्यांची दाढ आधीपासून ठणकत असते त्यांच्यासाठी.

आणि हो, रबर डॅम. तो निळा-हिरवा रबरी पडदा, ज्यातून फक्त एक दात वर काढतात. १८६४ पासून दंतवैद्यकात आहे. लाळ आत जात नाही, औषध घशात जात नाही, फाईल गिळली जात नाही. तोंड झाकल्यासारखं वाटतं म्हणून पेशंट नको म्हणतात. कृपा करून नको म्हणू नका.

पाथर्डीफाटा

डॉक्टर, मनापासून आभार. आज माझ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी दाताखाली तो निळा कागद धरून चावायला लावलं. दाढेच्या एका टोकावर गडद डाग उठला. तेवढाच भाग त्यांनी किंचित घासला. खुर्चीतून उठायच्या आधीच दात मिटताना हलकं वाटलं. त्यांनी अ‍ॅपेक्स लोकेटर वापरलं होतं आणि फाईलसह काढलेला एक्सरेही दाखवला, फाईल टोकाच्या आतच होती. वहिनींनाही विचारलं. त्यांची दाढ आधी अजिबात दुखत नव्हती, जुना भराव बदलताना कीड खोल निघाली म्हणून केलं होतं.

सिडकोवाला

नुसतं घासून इतका फरक?

दंतमूळ

पडतो, योग्य दातात. उपचाराआधी दुखत होता, नस जिवंत होती, ठोकल्यावर दुखत होतं, आणि एक्सरेत टोकाशी काळा डाग नव्हता, अशा दातांची चावण्याची बाजू कमी केली तर नंतरचं दुखणं कमी राहतं, हे १९९८ च्या एका अभ्यासापासून माहीत आहे. सुजलेल्या पडद्यावर दर घासाला पडणारा मार थांबतो. त्या दातावर पुढे कॅप बसणारच असते, म्हणून थोडा घासल्याने नुकसान नाही. सरसकट प्रत्येक दात घासायचीही गरज नसते.

जेलरोडची_लेक

माझा प्रश्न वेगळा. आईची वरची पहिली दाढ. रूट कॅनल होऊन कित्येक महिने झाले, कॅपही बसली, पण बारीक दुखणं गेलंच नाही. गरम लागलं तर अजून कळ येते. प्रत्येक वेळी ‘होईल कमी’ सांगतात. आई रक्त पातळ व्हायची गोळी घेते, त्यामुळे दुखण्याच्या गोळ्याही मनाने देता येत नाहीत.

दंतमूळ

हे दुखणं वर चाललेल्या दुखण्यात मोजू नका. इतक्या महिन्यांनी ‘होईल कमी’ हे उत्तर पुरेसं नाही. आणि रूट कॅनल झालेल्या दातात गरमाने कळ येत असेल, तर दोन शक्यता आधी डोक्यात येतात: शेजारचा दुसराच दात दुखतोय, किंवा याच दातात एखादी नस राहून गेलीय. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या-गालाकडच्या मुळात निम्म्याहून अधिक लोकांना दुसरी नळी, म्हणजे नस जाते ती पोकळी, असते. ती अगदी बारीक असते, वर दाताचं आवरण असतं, साध्या एक्सरेत पहिलीच्या मागे लपते. मायक्रोस्कोपखाली किंवा सीबीसीटी, म्हणजे दातांच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये शोधावी लागते. तिसरी शक्यता मुळाला गेलेली चीर, त्यात एकाच ठिकाणी हिरडीचा खिसा खोल लागतो.

दातात काहीच न सापडता दुखणं राहतं, असंही होतं. २०१० च्या एका आढाव्यात सहा महिन्यांनंतरही दुखणारे साधारण ५ टक्के निघाले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं दाताचं नसून स्नायूचं, सांध्याचं किंवा नसेच्या आजाराचं होतं. म्हणून आधी निदान, मग पुन्हा रूट कॅनल. आईंना एंडोडॉन्टिस्टकडे न्या. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजमध्येही दाखवता येईल. जुने एक्सरे बरोबर न्या, आणि रक्त पातळ व्हायची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

जेलरोडची_लेक

दुसरी नळी असते हे आजवर कुणी बोललंच नव्हतं. उद्याच फोन करते. आभार डॉक्टर.

सातपूर_टूलरूम

गोळ्यांचंही लिहा डॉक्टर. बऱ्याच जणांना तेच हवं असतं.

दंतमूळ

ज्यांना चालतं त्यांच्यासाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी रूट कॅनलनंतरच्या दुखण्यावर सगळ्यांत चांगली ठरलीय, एकट्या कुठल्याही गोळीपेक्षा. बाजारात मिळणाऱ्या एकत्र गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. जेवणानंतर घ्या. भूल पूर्ण उतरायच्या आत पहिली गोळी घेतली तर दुखणं चढतच नाही, ते चढल्यावर मागे धावण्यापेक्षा हे सोपं. वर वेगळी पॅरासिटामॉल घेत असाल तर बेरीज ठेवा.

आयबुप्रोफेन कुणी घेऊ नये: किडनीचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, आणि ज्यांना अशा गोळ्यांनी दमा उसळतो ते. आणखी एक, नाशिकसाठी खास. पावसाळ्यात आणि त्यानंतर इथे डेंग्यूचे पेशंट असतात. दाढ दुखतेय आणि अंगात तापही आहे, तर आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूमध्ये त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप दातामुळेच असेल असं गृहीत धरू नका, रक्त तपासा.

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे उतरत असेल, तोंड दोन बोटंही उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. रात्र असो की दिवाळी, सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला थेट जायचं.

सुरगाण्याचा_मास्तर

हा शेवटचा परिच्छेद शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवतो. आमच्याकडे गाल सुजला की आधी शेक देतात.

दंतमूळ

सर, जरूर लिहा. आणि बाहेरून गरम शेक नको, तोही लिहा. आत पू असेल तर शेकाने तो गालाकडे ओढला जाऊ शकतो.

पाथर्डीफाटा

शेवटचा प्रश्न. चावताना आता फारच कमी दुखतं, पुढच्या सिटिंगला नळ्या भरणार आहेत. कॅप लगेच बसवावी की थांबावं?

दंतमूळ

नळ्या भरल्यावर पुन्हा थोडं दुखेल, त्याला घाबरू नका. चावताना दुखणं पूर्ण गेलं की कॅपचं माप द्या. त्याआधी दिलं तर नवी कॅप उंच आहे की पडदा सुजलाय, हे कळायला मार्ग राहत नाही. पण महिनोन्‌महिने लांबवूही नका. रूट कॅनल झालेली दाढ आतून पोकळ केलेली असते, कठीण सुपारी किंवा हाड दाताखाली आलं आणि ती मुळापर्यंत उभी चिरली, तर मग काढण्यावाचून इलाज नसतो. तोवर त्या बाजूने मऊच खा.